कोर कसला, मालक?

बारामतीत भिगवण रस्त्यानं संध्याकाळी एक चक्कर मारा. मोबाइलचं दुकान कोणतं आणि दवाखाना कोणता, पाटी न वाचता सांगा. जमणार नाही. दोघांच्याही अंगावर तीच चकचकीत शीट.

इंदापूर मागं कसं राहील? जुन्या विटांच्या इमारतीला नवं ‘एलिव्हेशन’ चढलं, की भाडंही चढतं.

या शीटचं नाव एसीपी. दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे कोर. पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, बऱ्याचदा त्याहून कमी. मग बाकीची जाडी कशाची? स्वस्त मालात पॉलिइथिलीनची. म्हणजे प्लॅस्टिकची. किलोला किलो धरलं तर जळताना रॉकेलइतकी उष्णता देणारं.

दारात रॉकेलचं पिंप ठेवलं तर शेजारी भांडायला येतील. तेच भिंतीला ठोकलं, तर पत्ता विचारून जातात.

शीट भिंतीला चिकटलेली नसते. ती चौकटीवर बसते आणि मागं दोन-चार इंचांची पोकळी राहते. त्या पोकळीत बोर्डाच्या वायरी, एसीचे पाइप आणि पारव्यांची घरटी. एक ठिणगी आत गेली, की हवा तिला वर ओढते. वितळलेलं प्लॅस्टिक जळत जळत खाली टपकतं. आग एकाच वेळी वरही जाते आणि खालीही येते.

आपल्याकडच्या लिफ्टला एवढं जमत नाही.

लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवतो? 14 जून 2017. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रीजपासून सुरुवात, आणि अर्ध्या तासात आग 24 मजली इमारतीच्या माथ्यावर. 72 जीव गेले. नूतनीकरण करताना जस्ताच्या पत्र्याऐवजी पॉलिइथिलीन कोरची शीट घेतली आणि सुमारे 3 लाख पौंड वाचवले होते. हे सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशीनं 2024 मध्ये सांगितलं.

बचत मात्र लगेच दिसली होती.

‘आमची इमारत कुठं 24 मजली आहे?’ हे मालकाचं ठरलेलं उत्तर. बरोबर आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटरपासून पुढं उंच इमारत. म्हणून आपली त्याच्या जरा खाली थांबते. पण मोजपट्टी आर्किटेक्टकडे असते, धुराकडे नसते.

अंधेरीतलं लोटस बिझनेस पार्क, जुलै 2014. शीट नव्हती, काच होती. बंद काचेमागं धूर कोंडला आणि अग्निशमन दलाचा एक जवान गेला. काचेच्या दर्शनी भागात प्रत्येक मजल्यावर, 10 मीटरच्या अंतरात, उघडणारं पॅनेल हवं असं संहिता सांगते. आपण काय करतो? असलेल्या खिडक्याच शीटखाली झाकतो. वर रुग्णाला सांगतो, मोकळी हवा घ्या.

रुग्ण पळत नाही, हे आपल्याला भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या आगीनं जानेवारी 2021 मध्ये शिकवलं. दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या अतिदक्षता विभागातल्या आगीनं पुन्हा शिकवलं. दोन्हीकडे दोष शीटचा नव्हता. पण सलाइन लावलेल्या माणसाला ज्या खिडकीचा आधार, तीच बंद करायला निदान कारण तरी हवं ना?

कायदा आहे. महाराष्ट्राचा, 2006 चा. मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ प्रमाणपत्र द्यायचं. त्यात प्रश्न एवढाच, की आग विझवायची यंत्रणा चालू आहे का? आहे. लाल सिलिंडर भिंतीवर आहे.

भिंतीवर आणखी काय आहे, ते त्या कागदाचं काम नाही.

खनिज भरलेल्या कोरची शीट बाजारात मिळते. महाग पडते. म्हणून काही जण स्वस्तातली ‘एफआर’, म्हणजे आगरोधक, शोधतात. ती अक्षरं संरक्षक फिल्मवर छापलेली असतात आणि बसवून झाल्यावर फिल्म सोलून फेकतात. पुरावाही तिच्याबरोबर जातो.

खरं तर इथल्या शेतकऱ्याला आगीचं शास्त्र शिकवायला नको. शेजारचा उसाचा फड पेटला, की तो आधी पाचट ओढून मधे पट्टा मोकळा पाडतो. शीटमागच्या पोकळीत मजल्यामजल्याला आडवा अडसर घालायचा तो याचसाठी. पण तोच शेतकरी चौकात गाळे काढतो, तेव्हा शटरपासून गच्चीपर्यंत एकसंध शीट चढवतो.

तेव्हा बारामती आणि इंदापूर, दोन्ही नगरपरिषदांनी निदान दवाखाने आणि क्लासेसपुरतं तरी एवढं करावं : कोरच्या चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय नवी शीट चढू देऊ नये, आणि खिडक्यांवरची जुनी शीट आधी उतरवावी. तोवर पेशंट दाखल करताना खाटेचं भाडं विचाराल, तेव्हा कोर कसला तेही विचारा.