चार वर्षांचा आचारी आणि सहा बलक

परदेशी पर्यटनात अलीकडे रूढ झालेल्या स्वयंपाकवर्गाची व्याख्या अशी करता येईल की, जे काम घरी करावे लागू नये म्हणून मनुष्य रजा काढून दूर देशी जातो, तेच काम तेथे आगाऊ पैसे भरून, उभ्याने आणि परक्याच्या देखरेखीखाली करणे. या प्रकाराचा ‘सबालक’ असा एक पोटभेद आहे. त्यात आठ वर्षांखालील एक वा अधिक मुले सोबत असतात, शुल्क मुलांच्या शिक्षणासाठी भरलेले असते आणि शिक्षण मात्र सर्वस्वी पालकांचे होते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन ही या पोटभेदाच्या अभ्यासाला विशेष सोयीची आहे, कारण तेथील सर्वांत प्रसिद्ध पदार्थात अंडी फोडणे, पीठ दाबणे आणि साखर सांडणे या तीनही क्रिया येतात, आणि या तिन्हींत लहान मुलांचा हात धरणारा कोणी नाही.

हा पदार्थ म्हणजे पश्तेल द नाता. पदरदार पिठाच्या वाटीत अंड्याच्या बलकाचे गोड कस्टर्ड भरून कडक आचेवर भाजलेली ही तळहाताएवढी वस्तू असते. ‘नाता’ या शब्दाचा अर्थ साय असा असला तरी कित्येक पाककृतींत सायीचा थेंबही नसतो. मैसूरपाकात म्हैसूर शोधणाऱ्याला जी सहिष्णुता लागते, तीच येथेही लागते. अनेक झाल्या की पश्तेलचे ‘पश्तैश’ होते, आणि हे अनेकवचन पाहुण्यांच्या जिभेवर सर्वांत लवकर रुळते, कारण एकवचनात हा पदार्थ सहसा खाल्ला जात नाही.

त्याचे मूळ लिस्बनच्या बेलेम भागातील जेरोनिमुश मठाशी जोडले जाते. हा मठ १५०१ पासून बांधला गेला, तो मुख्यतः पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावर बसवलेल्या करातून. म्हणजे त्याच्या भिंतींत मलबारच्या मिऱ्याचा थोडा तरी अंश आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. १४९८ मध्ये कालिकतला पोहोचलेल्या वास्को द गामाची समाधीही याच मठाच्या चर्चमध्ये आहे. पुढे उदारमतवादी क्रांतीनंतर १८३४ मध्ये पोर्तुगालमधील मठ बंद झाले आणि १८३७ मध्ये मठाच्या शेजारीच एका दुकानात या गोड वाट्यांची विक्री रीतसर सुरू झाली. ते दुकान आजही चालू असून त्याची मूळ कृती मोजक्या लोकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. ‘पश्तैश द बेलेम’ हे नाव फक्त त्या दुकानाचे आहे, बाकी साऱ्या देशाने ‘नाता’ म्हणावे आणि गप्प बसावे, अशी व्यवस्था आहे. स्वयंपाकवर्गांत शिकवली जाते ती अर्थातच ही गुप्त कृती नव्हे, पण गुप्त नसलेल्या कृतीतही चार वर्षांच्या मुलापासून लपवून ठेवण्यासारखे पुष्कळ असते, उदाहरणार्थ साखरेचा डबा.

बलकांच्या या उधळपट्टीची उपपत्ती परंपरेने अशी सांगितली जाते की, मठांतील वस्त्रांना खळ देण्यासाठी आणि मद्य नितळ करण्यासाठी अंड्यांतील पांढरे मोठ्या प्रमाणावर वापरले जाई, आणि उरलेल्या पिवळ्याचे काय करावे या विवंचनेतून मठांची मिठाई जन्माला आली. या मिठाईची नावे भाविक आणि चावट यांच्या सीमेवरची आहेत. एकीचे नाव ‘देवदूताची दुहेरी हनुवटी’, दुसरीचे ‘जोगिणीचे पोट’, तिसरीचे ‘स्वर्गीचे डुकराचे मांस’. पुरणपोळी आणि श्रीखंड अशा सरळ नावांवर वाढलेल्या समाजाला ही नावे मुलांसमोर उलगडून सांगणे अवघड जाते. आता वस्त्रांना खळ देण्याची प्रथा उरलेली नाही, तथापि डझनभर नातांना लागणारे सहा बलक मुलांकडून वेगळे करवून घेतले असता उरलेले पांढरे कोठे जाते, हे पाहण्यासारखे असते. त्यातील बरेचसे सदऱ्याच्या पुढच्या बाजूवर आणि बाह्यांवर जाते, तेथे वाळते आणि सदरा ताठ उभा राहतो. परंपरा खंडित झालेली नाही, एवढेच येथे नोंदवावे.

वर्गाचा आरंभ एप्रन बांधण्यापासून होतो. प्रौढांच्या मापाचा एप्रन मुलाला बांधण्यासाठी त्याला कमरेशी दोन घड्या घालाव्या लागतात आणि तरीही तो पायघोळ राहतो, त्यामुळे लहान आचारी हा प्रथमदर्शनी मठातील एखाद्या उपाध्यायासारखा दिसतो. त्यानंतर भाषेचा प्रश्न येतो, आणि येथे मराठी कुटुंबाला इतर पर्यटकांपेक्षा एक जुना फायदा मिळतो. पोर्तुगीज सत्ता गोव्यात १५१० ते १९६१ एवढा दीर्घ काळ नांदली आणि त्या काळात पश्चिम किनाऱ्यावरून मराठीत शिरलेल्या शब्दांपैकी पुष्कळसे नेमके स्वयंपाकघराच्या आसपास वस्तीला राहिले. शिक्षिका ‘बताता’ म्हणाल्या की उत्तरेकडचा आलूवाला पाहुणा शब्दकोश चाळू लागतो आणि मराठी मूल बटाटा उचलून हातात देते. वर ‘त्यांना ट म्हणता येत नाही’ असा निष्कर्षही मोठ्याने काढते. पाव, कोबी, काजू, अननस हीही त्याच घराण्यातली नावे. गोव्यात पाववाल्याला अजूनही ‘पोदेर’ म्हणतात तो शब्दही ‘पादैरु’ या पोर्तुगीज शब्दाचाच वंशज आहे. अर्ध्या तासात पाचसहा शब्द ओळखीचे निघाल्यावर पालकांना आपण पोर्तुगीज जाणतो असा भास होतो, आणि तो दूर करण्याचे कार्य क्रियापदे करतात.

आभार मानण्याचा शब्द मात्र मुलांना थोरांआधी जमतो. पुरुषाने ‘ओब्रिगादु’ आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावे, म्हणजे शब्दाचे रूप समोरच्यावरून न ठरता बोलणाऱ्यावरून ठरावे, हा नियम इंग्रजीत वाढलेल्यांना पुन्हा पुन्हा समजावावा लागतो. ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांतला भेद बोबड्या वयात पार केलेल्या मुलीला त्यात समजावण्यासारखे काही आढळत नाही. चुका होतात त्या बाबांच्या, आणि त्या सुधारण्याचा अधिकार त्या दिवसापुरता कनिष्ठ वर्गाकडे जातो.

खरी मौज पिठाच्या टप्प्यावर येते, आणि या टप्प्याचे विवेचन थोडे विस्ताराने करणे अवश्य आहे. नाताचे पीठ ज्या पद्धतीने करतात तिला ‘मासा फुल्यादा’, म्हणजे पाना-पानांचे पीठ, असे नाव आहे. मऊ मळलेली कणीक लाटून तिच्यावर लोणी पसरायचे, घडी घालायची, पुन्हा लाटायचे, पुन्हा लोणी, पुन्हा घडी, आणि शेवटी त्या पोळीची घट्ट वळकटी करून तिचे बोटभर जाडीचे तुकडे कापायचे. कापल्या बाजूला चक्राकार पदर दिसू लागतात. या क्षणी, कुटुंबासोबत आजी आल्या असतील तर, वर्गाचे नेतृत्व हस्तांतरित होते. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांना फासून, त्या एकावर एक ठेवून, वळकटी करून, लाट्या कापणे ही क्रिया ज्या स्त्रीने चाळीस दिवाळ्यांत केलेली असते, तिला परक्या देशातील शिक्षिकेने हीच गोष्ट नवलाई म्हणून दाखवावी, हा प्रसंग नाजूक असतो. आजी काही बोलत नाहीत, फक्त ‘चिरोटे’ एवढाच शब्द उच्चारतात, पण त्याचा स्वर असा असतो की पोर्तुगीजांनी गोव्यातून आणखी काय काय नेले असेल याची चौकशी समिती बसवावी. वस्तुतः पिठात स्निग्ध पदार्थाचे थर अडकवून पदर सोडवण्याची युक्ती अनेक देशांत स्वतंत्रपणे सापडलेली आहे आणि कोणी कोणाची उचलली हे सांगता येत नाही. परंतु आजींच्या देखत हा मुद्दा काढण्यात शहाणपण नाही.

तुकडा कापली बाजू वर करून धातूच्या छोट्या साच्यात ठेवायचा, अंगठा पाण्यात बुडवायचा आणि मधोमध दाबून, साचा फिरवत फिरवत, पीठ कडेने वर चढवायचे. उकडीच्या मोदकाची पारी करण्याशी या कृतीचे नाते उघड आहे, फरक इतकाच की मोदकाला अंगठा आणि बोटे यांची युती लागते आणि नाता एकट्या अंगठ्याच्या बळावर उभी राहते. संपूर्ण वर्गात हे एकच काम असे आहे की जे मूल मोठ्यांहून चांगले करू शकते, कारण त्याचा अंगठा साच्याच्या मापाचा असतो. मात्र दाब किती द्यावा याचे ज्ञान त्याला नसते. अंगठा तळापर्यंत पोहोचला की पिठाला भोक पडते, भोकातून कस्टर्ड गळते, गळलेले कस्टर्ड साच्याला करपून चिकटते आणि ती नाता पुढे चमच्याने खरवडून खावी लागते. आपली नाता कोणती हे मुलाला भट्टीतून ट्रे बाहेर येताच ओळखू येते, आणि तीच सर्वोत्तम असल्याची ग्वाही उपस्थितांना द्यावी लागते.

कस्टर्डसाठी साखरेचा पाक करावा लागतो, आणि या देशाचे साखरशास्त्र मराठी सुगरणीला लाजवील इतके काटेकोर आहे. एकतारी पाकाला पोर्तुगीजमध्ये ‘पोंतु द फिउ’, म्हणजे शब्दशः धाग्याची अवस्था, असेच म्हणतात. पुढे मोत्याची अवस्था येते, आणि मठांच्या मिठाईत ‘रस्त्याची अवस्था’ अशीही एक संज्ञा आहे, जिच्यात पातेल्याच्या तळाशी चमचा ओढला असता मागे क्षणभर मोकळी वाट दिसते. नाताच्या पाकात लिंबाची साल आणि दालचिनीची कांडी टाकतात. पोर्तुगीजांनी सिंहलद्वीपात तळ ठोकला त्यामागे दालचिनीचा मोठा वाटा होता, हा इतिहास पालकांनी याच वेळी सांगावा असे शिक्षणशास्त्र सुचवते, पण प्रत्यक्षात ते शक्य होत नाही. पिठीमिश्रित दुधात हा पाक आणि मग बलक घालून जे मिश्रण होते, ते मंद आचेवर अखंड ढवळावे लागते, क्षणभर थांबल्यास गुठळ्या होतात, आणि मुलाला शू लागते ती नेमकी याच क्षणी. हा नियम निरपवाद असून त्यावर उपाय सापडलेला नाही. एक पालक मुलासह अदृश्य होतो, दुसरा उलथने सोडू शकत नाही, आणि धाकटे भावंड मोकळ्या मैदानात साखरेच्या डब्यापाशी पोहोचते.

ज्या वर्गांत पूर्ण जेवण शिकवतात तेथे बकल्याउ, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, असतो. तो पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही, शतकानुशतके न्यूफाउंडलंड आणि नॉर्वेकडच्या थंड समुद्रांतून येत आला आहे, आणि तरी त्याला तेथे ‘निष्ठावंत मित्र’ म्हणतात. एकदोन दिवस पाणी बदलत भिजवल्याखेरीज तो मित्र होत नाही, म्हणून वर्गात तो आधीच भिजवून ठेवलेला असतो. खारे बोंबील भाजल्यावरून ज्यांच्या सोसायटीत सभा भरल्या आहेत त्यांना त्याचा वास परका वाटत नाही. तो कांद्यावर परतून, काडीसारखे कापून तळलेले बटाटे आणि अंडी घालून जे करतात ते मुले बटाट्यापुरते खातात. शाकाहारी कुटुंबाने काल्दु व्हेर्द नावाचे हिरव्या पानांचे बटाट्याच्या रश्शातले सूप मागवताना सावध असावे, कारण वरून तरंगणारी सॉसेजची एकच चकती असते आणि ती ‘फक्त चवीपुरती’ असल्याचे सांगितले जाते. हे सारे नाकारणाऱ्या मुलासाठी शेवटचा आधार जवळच्या कॅफेत काचेआड असतो. त्याचे नाव ‘शामुसा’, आकार त्रिकोणी, आणि मूळ विचारण्याची गरज नाही. बाकी तिखटाचा प्रश्न आजींच्या पिशवीतील लसणीच्या चटणीने सुटतो. मिरची अमेरिकेतून गोव्यात उतरवणाऱ्यांच्या वारसांना ती चटणी चाखायला दिली असता ते पाणी मागतात.

वर्गाच्या अखेरीस ओट्यावर, जमिनीवर आणि एका उंच फडताळावर (तेथे कसे, हे कोणालाच सांगता येत नाही) पीठ व कस्टर्ड यांचे थर आढळतात. शिक्षिका हसून ‘बाल्द’ आणि ‘साबांव’ असे दोन शब्द उच्चारतात, आणि बादली आणि साबण कोठे आहेत हे विचारण्याचे निमित्तही पालकांपाशी उरत नाही.

घरी आल्यावर प्रयोग पुन्हा करून पाहण्याची लहर येतेच. परंतु नातावरचे ते काळपट डाग पडायला दुकानांतील भट्ट्या तीनशे अंशांच्याही वर तापवतात आणि घरच्या ओव्हनचा काटा बहुधा २५० वर अडतो, त्यामुळे वरचा भाग पिवळाच राहतो आणि मुले हे ‘ते’ नव्हे असा निकाल देतात. अशा घरांत दिवाळीला चिरोट्यांच्या लाट्या मुलांच्या हाती दिल्यास ती न विचारता अंगठा पाण्यात बुडवतात. त्या वर्षीचे चिरोटे मधोमध खोलगट होतात, आणि त्या खळग्यात पाक जास्त राहतो.