काही लागलं तर सांगा

गाडी बंद पडली की तिच्याखेरीज बाकी सगळं सुरू होतं. माझी जुनी हॅचबॅक सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभी राहिली आणि दूध आणायला निघालेली मंडळी पिशवीसकट थांबली. ज्यांची स्कूटर पूर्वी कधी कचऱ्यानं बंद पडली होती, ते म्हणाले, "पेट्रोलमध्ये कचरा." ज्यांच्या गाडीच्या वायरी उंदरानं कुरतडल्या होत्या, त्यांनी उंदीर सुचवला. दुसऱ्याच्या दुखण्याचं निदान माणूस नेहमी स्वतःच्या फाइलमधून काढतो.

दुखणं विचित्र होतं. गाडी दिवसा गुणी मुलीसारखी चालायची. रात्री हेडलाइट लागले आणि रेडिएटरचा फॅन फिरायला लागला, की झटके देऊन बंद. किल्ली फिरवल्यावर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा क्षणभर तरी लागायला हवा, तो कधी लागायचा, कधी नाही. न लागला की पार्किंगमध्ये आनंद. "दिवा नाही, म्हणजे इंजिन ओके!" इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, जागाच झाला नसेल तर तो दिवा लावणार कोण, हा प्रश्न आनंदात कुणाला पडत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. स्कॅनरचा पडदा उजळला, पण ईसीएम काही बोलेना. "सर, ईसीएम गेला," टाय लावलेला तरुण आवाज खाली आणून म्हणाला. "करंट चेक केलाय. बारा व्होल्ट येतायत." सोबत नव्याचं एस्टिमेट. त्यातला आकडा वाचून मला गाडीची आजची किंमत आठवली.

‘ईसीएम गेला’ हे निदान लोकप्रिय का, तेही बघण्यासारखं आहे. ही डबी सीलबंद. ती उघडून कुणी बघत नाही, आणि मयताला हरकत घेता येत नाही. शिवाय स्कॅनर उजळला यात ईसीएमची साक्ष काहीच नाही. स्कॅनर ज्या सॉकेटला लावतात, त्याच्या सोळा नंबरच्या पिनेला थेट बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो. ईसीएम काढून घरी ठेवला तरी पडदा उजळणारच.

शेवटी गाडी ओढत कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. तिथले वायरमन मामा स्कॅनरकडे बघेनात. "सायेब, त्याच्यापत्तूर करंट नीट पोचतोय का, ते बघितलं काय कुणी?"

"बारा व्होल्ट येतायत म्हणे."

"कशावर बघितलं? मीटरवर?" मामा हसले. "मीटरला काय लागतंय हो!"

मामांच्या या वाक्यात अख्खी विद्या आहे. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण दहा मेगाओहम असतो, म्हणजे तो वायरकडून जवळजवळ काहीच मागत नाही. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असला, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. घर बदलताना "काही लागलं तर हक्कानं सांगा" म्हणणारे नातेवाईक असतात ना, तसे हे व्होल्ट. गोदरेजचं कपाट जिन्यावरून उतरवायची वेळ आली की त्यांचा फोन लागत नाही. म्हणून मामा भार टाकतात. त्यांचं हत्यार म्हणजे दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. तो पावणेदोन अँपिअर मागतो. तेवढे देऊन लख्ख पेटला, तर पुरवठा खरा.

आधी बॅटरी. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, स्टार्टर मारताना साडेनऊच्या वर. पास. मग फ्यूज, नुसते डोळ्यांनी नव्हे, किल्ली चालू ठेवून दोन्ही टोकांना मोजून. मग मेन रिले. बऱ्याच गाड्यांत हा रिले ईसीएमच ओढतो, म्हणजे आपला मोठा पुरवठा तो आपणच सुरू करतो; तेवढी शुद्ध राहावी म्हणून एक वेगळी वायर त्याला बॅटरीतून कायम दिलेली असते. मामांनी ईसीएमचा कनेक्टर काढला, रिले ओढायची वायर स्वतःच अर्थला टेकवली आणि दोन्ही पुरवठ्यांवर बल्ब लावला. लख्ख.

"आता पाच व्होल्ट," ईसीएमचा कनेक्टर परत लावत मामा म्हणाले. ईसीएम सेन्सरांना पाच व्होल्ट वाटतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर त्या लाइनवरच्या सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात. मग एकेकाचा कनेक्टर काढत जायचं. ज्याच्या जाण्यानं व्होल्ट परत येतात, तो चोर. इथं मात्र बल्ब लावायचा नाही, ईसीएम खरोखरच जाईल. इथं मीटरच. पाचच्या पाच भरले.

राहिला अर्थ. करंट येतो कुठून हे सगळे बघतात. परत जातो कुठून याची चौकशी कुणी करत नाही. मामांनी मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक ईसीएमच्या अर्थ वायरला लावलं. इथं ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा. तो होता. मग त्यांनी इंजिन चालू करून हेडलाइट लावले, फॅन फिरू दिला. आकडा दोन व्होल्टच्या वर चढला आणि इंजिननं झटके द्यायला सुरुवात केली.

बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला बोल्टनं कसलेलं एक थिंबल होतं. फॅन, हेडलाइट आणि ईसीएम, तिघांचा परतीचा रस्ता तोच. त्यावर हिरवा गंज. फॅन-दिव्यांचे मिळून दहा अँपिअर धरा आणि गंजात नुसता ०.२ ओहम अडथळा. गुणाकार दोन व्होल्ट. तेवढे ईसीएमच्या वाट्याचे गेले.

मामांनी पॉलिश पेपर घासला, नवं थिंबल दाबलं, बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन लावलं. गाडी रात्री हेडलाइट आणि फॅनसकट चालू लागली. मजुरी ऐकून मी दोनदा विचारलं. आपण काहीतरी विसरतोय असं वाटावं इतकी ती कमी होती.

तेव्हा मंडळी, ‘ईसीएम गेला’ असं कुणी सांगितलं तर एस्टिमेटवर सही करण्याआधी एवढंच विचारा: पॉझिटिव्ह आणि अर्थ, दोन्ही भार टाकून मोजलेत का? "स्कॅनर लावला होता" असं उत्तर आलं, तर किल्ली परत मागा.