सोडायचं कुठं, आणायचं कुठून

टाहो सरोवराभोवतीच्या डोंगरांच्या माथ्यावरून एक पायवाट जाते, टाहो रिम ट्रेल. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा अशा दोन राज्यांतून गोल फिरून ती स्वतःलाच येऊन मिळते. लांबी 165 मैल सांगतात, म्हणजे साधारण 265 किलोमीटर. मध्येमध्ये वळणं बदलली तसा आकडा पुढे थोडा वाढला. काम 1984 मध्ये सुरू झालं आणि वर्तुळ पुरं व्हायला 2001 उजाडलं. सगळ्यात उंच जागा रिले पीक, 10,338 फूट. पश्चिमेकडे पन्नासेक मैल ही वाट आणि मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडापर्यंत जाणारी ती प्रसिद्ध पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल एकच होऊन जातात. हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि या वाटेवर मी एक मैलही चाललेली नाही. मी सोडते आणि आणते.

चालतो आमचा नवरा, त्याच्या तीन मित्रांबरोबर. ज्यांच्याकडे दोन आठवडे सलग रजा असते ते पाठीवर बिऱ्हाड घेऊन अख्खी वाट एका दमात चालतात. या चौघांची रजा दिवाळीत भारतात जायला राखून ठेवलेली, त्यामुळे हे शनिवार-रविवार गाठून तुकड्यातुकड्यानं चालतात. आता गोल वाटेचा मोठा गुण असा की निघालात तिथंच परत येता आणि गाडी तिथंच उभी असते. पण हा गुण एका दमात चालणाऱ्यांच्या वाट्याचा. तुकडे पाडणाऱ्याच्या हाती येते ती एक वाकडी रेघ, आणि रेघेला दोन टोकं असतात. सगळं रामायण त्या दुसऱ्या टोकाचं.

सुरुवातीला हे लोक दोन गाड्या नेत. पहाटे दोन्ही गाड्या शेवटच्या टोकाला न्यायच्या, एक तिथं ठेवायची, दुसरीत चौघांनी आणि चार पिशव्यांनी कोंबून बसायचं, सुरुवातीच्या टोकाला यायचं, दिवसभर चालायचं, मग ठेवलेल्या गाडीत बसून पुन्हा सुरुवातीच्या टोकाला पहिली गाडी आणायला जायचं. टाहो सिटी ते ब्रॉकवे समिट हा तुकडा पायवाटेनं वीस मैलांच्या आसपास आहे, दिवस खातो. मोटारीनं तेच अंतर पंचवीसएक मिनिटांचं. म्हणजे सकाळी पंचवीस मिनिटांत जिथून आलो तिथं संध्याकाळपर्यंत पायी परत जायचं आणि मग पुन्हा पंचवीस मिनिटांत उलटं यायचं. हे मी आईला फोनवर समजावून सांगत होते. ती म्हणाली, "अगं, मग सकाळी तिथंच थांबले असते तर?" या गाडीची चावी त्या गाडीत राहण्याची गोष्ट मी सांगत नाही. दोन गाड्यांनी हायकिंग करणाऱ्या प्रत्येक घरात ती असते आणि प्रत्येक घरात चावी दुसऱ्याच कुणाच्या खिशात असते.

सह्याद्रीत नवऱ्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता. राजगड-तोरणा करायचा तर स्वारगेटला एसटी पकडायची, पायथ्याच्या गावात उतरायचं, पलीकडे वेल्ह्यात उतरून दुसरी एसटी पकडायची. एसटी तुमची वाट बघत नसे, तुम्हीच तिची बघायचात, पण तिला चावी लागत नसे आणि ती संध्याकाळी "आज काय काय केलंस?" असंही विचारत नसे. टाहोच्या काठच्या गावांत बस आहे, चांगली आहे. पण वाट जिथं रस्त्याला येऊन टेकते ती ट्रेलहेडं बहुतेक वर खिंडीत, आणि बस खाली काठाकाठानं. म्हणून मग एका शुक्रवारी चहा पिताना अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं गेलं, "तू या वेळी येतेस का? तुलाही जरा चेंज." तेव्हापासून मी या मंडळाची एसटी आहे.

फ्रीमाँटपासून टाहो 200 मैलांच्या आसपास. सॅक्रामेंटोपर्यंत सगळे एकाच रस्त्यानं जातात. तिथं ठरवायचं: 80 धरून डॉनर समिटवरून ट्रकीला उतरायचं की 50 धरून प्लासरव्हिल, एको समिट करत दक्षिण टोकाला जायचं. ही निवड वेळेत व्हावी म्हणून चौघे अभियंते चार फोनवर चार नकाशे उघडून बसतात आणि फाटा मागे पडल्यावर एकमत होतं. शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर निम्मा बे एरिया तुमच्याबरोबर असतो, स्कीच्या दिवसांत डोक्यावर फळ्या बांधून, उन्हाळ्यात सायकली आणि होड्या बांधून.

लोकांना वाटतं डोंगर हायकर चढतात. हिशोब करून बघा. सरोवराचं पाणीच 6,225 फुटांवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई शिखर तिथं आणून ठेवलं तर पाण्याच्या पातळीखाली आठशे फूट राहील. त्या काठावरून माउंट रोझ हायवेनं गाडी टाहो मेडोजला जाते ती साडेआठ हजार फुटांच्याही वर. पुढे हायवेचा माथा 8,911 फूट. हे अडीच हजार फूट मी चढते, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या आवाजात, मागच्या सीटवरून "एसी बंद कर, इंजिनावर लोड येतो" असे सल्ले ऐकत. वर गेल्यावर हे उतरतात, खांदे हलवतात, लांब श्वास घेतात आणि म्हणतात, "काय हवा आहे!" रिले पीकचे उरलेले सोळाशे-सतराशे फूट चढून आले की फोटो त्यांचा.

आणि उतरल्यावर लगेच चालायला लागतील तर शपथ. नवऱ्याचा नेम असा की वाटेतलं एक पाऊलसुद्धा सुटता कामा नये. मागच्या खेपेला जिथं थांबला तिथंच, त्याच पाटीला काठी टेकवून पुढचा तुकडा सुरू. गाडी पाटीच्या पुढे पन्नास फुटांवर लावली तर तो पन्नास फूट मागे जातो, काठी टेकवतो, आणि आमच्यासमोरून पुन्हा पुढे जातो, ओळख न दाखवता. मित्रांपैकी एक जण घड्याळ दाबतो. दुसऱ्याला तेव्हाच आठवतं की टोपी डिकीत सगळ्यात खाली आहे.

सगळी ट्रेलहेडं अशी हायवेवर सुखानं असती तर काय हवं होतं? ब्रॉकवे समिटचं ट्रेलहेड 267 नंबरच्या रस्त्यावर असं दडलंय की पहिल्यांदा दिसतं ते मागे पडल्यावर, आरशात. बार्कर पासला जायला ब्लॅकवुड कॅन्यनमधला अरुंद रस्ता; वरचा तुकडा कच्चा, आणि हिवाळ्यात लावलेलं फाटक बर्फ वितळेपर्यंत बंद. पण माझ्या खास मर्जीतली दोन नावं म्हणजे किंग्जबरी आणि स्पूनर. किंग्जबरी नॉर्थ आणि किंग्जबरी साउथ ही दोन वेगळी ट्रेलहेडं आहेत. एकातून दुसऱ्याकडे जायला वस्त्यांतून चढून-उतरून वळसे घ्यावे लागतात. स्पूनर नॉर्थ आणि स्पूनर साउथ मात्र एकमेकांसमोर आहेत, मध्ये फक्त यूएस 50 हा चार पदरी हायवे.

नवऱ्याचा मेसेज आला होता, "स्पूनरला ये, चार वाजता." मी पावणेचारला साउथला. पाच झाले. फोनवर त्याचा ठिपका तीन तासांपूर्वीच्या एका डोंगरावर निवांत बसलेला. पावणेसहाला समोरच्या बाजूला, ट्रकांच्या फटीतून, एक पांढरट माणूस दिसला. सिएरातली ग्रॅनाइटची धूळ इतकी बारीक असते की मोज्यातून, बुटातून जाऊन नखांत बसते आणि घामावर तिचा लेप होतो. गणपती विसर्जनाहून परतलेला माणूस गुलालात दिसतो तसा हा पिठात दिसत होता. तो काठी हलवून मला बोलवत होता, मी हात हलवून त्याला. दोघांच्या मध्ये ताशी पंचावन्न मैलांनी दोन राज्यांची रहदारी. शेवटी मीच गाडी काढून, पुढे जाऊन, वळून पलीकडे गेले. दार उघडून त्यानं पहिलं वाक्य टाकलं, "मी कधीचा उभा आहे." खरं तर त्याला येऊन तीन मिनिटं झाली होती, मी बघत होते.

वाट बघणाऱ्यांचीही एक जमात असते. घडीच्या खुर्च्या, थर्मास, विणकाम. एका अमेरिकन आजींनी मला पहिल्याच दिवशी धडा दिला: चालणारे चार म्हणाले की साडेपाच धरायचे आणि सहापर्यंत चिडायचं नाही. त्यांनीच अस्वलांचंही सांगितलं. इथली काळी अस्वलं गाडीच्या दाराची कडी ओढून दार उघडतात. आत शिरल्यावर दार मागून लागलं की अडकलेलं अस्वल बाहेर पडायच्या धडपडीत सीट, छत, दाराचं अस्तर सगळं फाडून काढतं. त्यामुळे गाडीत खाण्याचा कणही ठेवायचा नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. आता आमच्या गाडीचं काय करायचं? तिच्यात लसणाची चटणी गेली पंधरा वर्षं प्रवास करते आहे. डबा बाहेर काढला तरी वास सीटच्या फोममध्ये आहे. काही ट्रेलहेडांवर अन्न ठेवायला लोखंडी पेट्या असतात, तिथं मी चटणी, गुळपोळ्या आणि मेतकूट कुलपात टाकते. पेटी नसेल तिथं डबा मांडीवर घेऊन बसते.

मागच्या उन्हाळ्यात सासरेबुवा पुण्याहून आले होते. त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली आहे, बसनं. पायी करणाऱ्यांबद्दल त्यांना आदर आहे, पण पुण्यात काही फरक पडतो असं ते मानत नाहीत. पुढच्या सीटवर बसून त्यांनी अख्ख्या सरोवराला फेरी मारली, 72 मैलांचा काठ, वर खिंडीतले माझे फेरे वेगळे. एमराल्ड बेजवळ 89 नंबरचा रस्ता डोंगराच्या एका निमुळत्या धारेवरून जातो, दोन्हीकडे खोल उतार. तिथं ते रामरक्षा म्हणत होते आणि मध्येच थांबून "पाण्याचा रंग बघ" म्हणत होते. पाणी खरोखर तसं आहे. सगळ्यात खोल जागी 1,645 फूट आहे, अमेरिकेत त्याहून खोल फक्त क्रेटर लेक.

त्या वेळी मंडळींनी टाहो मेडोज ते ब्रॉकवे असा तुकडा घेतला होता. सरळ क्रमानं ब्रॉकवेहून निघायला हवं, पण टाहो मेडोज उंचावर, ब्रॉकवे खाली. शेवटी उतार मिळावा म्हणून हे उलटे निघाले. सासरेबुवांनी हातानं हवेत वर्तुळ काढून पाहिलं आणि मुलाला विचारलं, "म्हणजे सरोवर डाव्या हाताला?" नवरा म्हणाला, "हो बाबा, पण त्यानं काय होतं?" "प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो. तुझं चालणं झालं, प्रदक्षिणा नाही झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिची झाली." त्यांना मी सकाळीच टाहो सिटी, किंग्ज बीच, स्पूनर असं घड्याळाच्या दिशेनं फिरवून आणलं होतं. नवरा तेव्हा वीस मैल चालून आला होता. त्यानं बूट काढले आणि काही बोलला नाही.

मार्क ट्वेनही 1861 मध्ये या सरोवराकडे आला तो कार्सन सिटीहून पायी. इथं त्याच्या शेकोटीनं अख्खा डोंगर पेटवला, असं त्यानं स्वतःच 1872 च्या 'रफिंग इट'मध्ये लिहून ठेवलं आहे. माझं लक्ष त्यातल्या एकाच गोष्टीकडे जातं, की त्याला सोडायला कोणी गेलं नव्हतं. आगीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. 2021 मध्ये कॅल्डोर आग एको समिट ओलांडून आली, ऑगस्टच्या शेवटी अख्खं साउथ लेक टाहो रिकामं करावं लागलं, 50 नंबर बंद झाला. त्या भागातून गाडी नेताना जळलेल्या खोडांच्या रांगा दिसतात आणि मागच्या सीटवरचे सल्ले थोडा वेळ थांबतात.

परत येताना मायर्सला शेतीखात्याचं तपासणी नाकं लागतं. "फळं, भाजी, झाडपाला काही?" सासरेबुवांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "कढीपत्ता." कॅलिफोर्नियात लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारी एक कीड कढीपत्त्यावरही राहते, त्यामुळे त्या नावाचा इथं धसका आहे. अधिकारी खिडकीत वाकला. कढीपत्ता चिवड्यातला होता, तळलेला. त्यानं हुंगला, चार मळकट माणसांकडे पाहिलं आणि आम्हाला जरा घाईनंच पुढे जायला सांगितलं.

तर कोणी मराठी मंडळी टाहोला चालायला येणार असतील तर जरूर या. जुलैच्या आधी घाई करू नका, वरच्या खिंडींत बर्फ असतो. डेसोलेशन विल्डरनेसमधून जाणार असाल तर परवाना आधी काढा. टाहो मेडोज ते टनेल क्रीक या पट्ट्यात सम तारखांना सायकलवाले असतात, म्हणून तिथं विषम तारीख धरा. मेसेजमध्ये 'स्पूनर' लिहाल तर पुढे नॉर्थ की साउथ तेही लिहा. आणि जी व्यक्ती तुम्हाला सोडते आणि आणते तिला संध्याकाळी कुठं जेवायला नेणार हे सकाळी, बूट घालण्यापूर्वी ठरवून टाका. उतरल्यावर तुम्ही "घरीच काहीतरी साधं कर" म्हणता.