कपातगुरुजी

भंडारा जिल्ह्यात "किती वाढलं?" असं विचारणारी माणसं पुष्कळ. धानाचा भाव असो, रस्त्याकाठच्या प्लॉटचा दर असो की पोरांच्या मोबाईलमधलं बिटकॉइन असो, प्रश्न तोच. पण लाखनी घ्या, पवनी घ्या, तुमसर घ्या, दर गावात एक माणूस असा निघतो की जो विचारतो, "कापलं किती?" कुठे तो सोसायटीचा माजी सचिव असतो, कुठे पोस्टातून निवृत्त झालेला. आमच्याकडे तो जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त गुरुजी आहे आणि सगळा गाव त्याला कपातगुरुजी म्हणतो. तोंडावर फक्त गुरुजी.

नोकरीत असताना गुरुजींनी पगार असा कधी पाहिलाच नाही, पाहिली ती कपात. व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे अडीच हजार जुळावेत म्हणून शंभर जास्त, हे कारण त्यांना पाठ होतं. तरी महिना अठ्ठावीस दिवसांचा आणि कपात सगळ्यांत मोठी, हा अन्याय ते दर फेब्रुवारीत मुख्याध्यापकांपुढे मांडत. मुख्याध्यापक बदलत गेले, तक्रार बदलली नाही.

त्यांच्या या खोडीचा गावाला फायदाही झाला, हे कबूल केलं पाहिजे. धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की माणसं पासबुक घेऊन त्यांच्या ओसरीवर येतात. 436 रुपये कुठे गेले? जीवनज्योती विमा. 20 रुपये? सुरक्षा विमा. गुरुजी बोट ठेवून दाखवतात आणि वर म्हणतात, "2022 च्या आधी हेच 330 अन् 12 होते जी." समोरच्याला विमा काढल्याचंच आठवत नसतं.

अशा माणसाच्या हाती पुतण्याने दिवाळीत डिजिटल सोनं आणि बिटकॉइन घ्यायचं अॅप दिलं. पुतण्या पुण्याला असतो, त्याला वाटलं काका दोन पैसे कमावतील. गुरुजींनी हजार रुपयांचं सोनं घेतलं आणि लगेच कागद काढला. तीन टक्के जीएसटी गेला की सोनं उरतं 970 रुपये 87 पैशांचं. बटण दाबताच एकोणतीस रुपये गेले!

"काका, जीएसटी तर सोनाराकडेही लागतो."

"लागते ना. पन सोनार चहा पाजते."

पुढे अॅपवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, शुल्क शून्य. शून्य पाहिलं की गुरुजींची झोप उडते. फुकटात करतात तर पगार कुठून देतात? त्या रात्री त्यांनी काकूंचाही फोन मागून घेतला. एकावर खरेदीचा भाव उघडला, दुसऱ्यावर विक्रीचा, दोन्ही एकाच मिनिटाला, आणि मधला फरक वहीत उतरवला. ग्रॅममागे विकायचा भाव चांगलाच खाली होता. "पाय," ते पुतण्याला म्हणाले, "पाटी शून्याची अन् कडता काट्यावर!" बाजार समितीत बाप-आज्यांचं धान विकताना वजनातल्या या कपातीबद्दल जे शिकले, ते इथे कामी आलं. या व्यवहाराबद्दल एवढं नेमकं बोललेलं मी दुसरीकडे ऐकलं नाही.

पैसे भरण्याचीही तऱ्हा ऐका. बचत खात्यातून मोबाईलवर एनईएफटी केली तर 2020 पासून काही लागत नाही. शाखेत जाऊन केली तर दहा हजारांपर्यंत जास्तीत जास्त अडीच रुपये, वर जीएसटी धरून 2 रुपये 95 पैसे. गुरुजी शाखेतूनच करतात. कारण ते 2 रुपये 95 पैसे पासबुकात छापून येतात, समोर दिसतात. शाखेपर्यंतच्या काळीपिवळीचं भाडं मात्र या वहीत येत नाही, ते 'प्रवास' या वेगळ्या खात्यात पडतं.

कार्डाचं प्रकरण पुतण्याच्या अंगावर आलं. परदेशी बाजारात कार्डाने बिटकॉइन घेतलं की तिथले तीन-चार टक्के वेगळे. शिवाय परकीय चलनाचे म्हणून बँक साडेतीन टक्के लावते आणि त्यावर जीएसटी, म्हणजे दहा हजारांमागे 413 रुपये फक्त बँकेचे. आपल्याकडच्या बऱ्याच बँका कार्डाने हा व्यवहार होऊच देत नाहीत, ते बरंच आहे. पण गुरुजी चिडले नाहीत. कार्डाचे पैसे तक्रार करून मागे ओढता येतात, गेलेलं बिटकॉइन येत नाही, तेव्हा विकणारा त्या धोक्याचे पैसे आधीच कापून घेतो, हे त्यांना पटलं. कारण सांगून कापणाऱ्याबद्दल त्यांना आदर आहे.

बिटकॉइन एका खात्यातून दुसऱ्यात न्यायचं शुल्क रकमेवर नसतं, नोंद किती जागा घेते त्यावर असतं. हजाराला जेवढं, तेवढंच कोटीलाही लागू शकतं. यावर ते आधी भडकले. मग थोडा विचार करून म्हणाले, "बरोबर हाय. कट्ट्यात का हाय ते हमाल कुठं इचारते?"

खरा घाव पुढे होता. 1 जुलै 2022 पासून विकताना एक टक्का टीडीएस. नफ्यावर तीस टक्के कर, वर उपकर. विकताना बाजाराने घेतलेलं शुल्क खर्च म्हणून वजा होत नाही. एकात तोटा झाला तर दुसऱ्याच्या नफ्यातून तो वळता करता येत नाही. गुरुजींनी हे तीनदा वाचलं. मुळात रिझर्व्ह बँकेने 2018 च्या एप्रिलमध्ये बँकांना बिटकॉइनच्या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला ते परिपत्रक रद्द केलं. काकूंच्या मते न्यायालयाने घाई केली.

आता गंमत अशी की गुरुजी विकतच नाहीत. विकलं की शुल्क, शुल्कावर जीएसटी, टीडीएस आणि कर. भाव चढतो, पुतण्या फोन करतो, "काका, काढा!" गुरुजी म्हणतात, "कापून घ्याले काढू का?" भाव पडतो, पुतण्या घाबरून विकतो, गुरुजी ढिम्म. पुण्यातली मंडळी याला दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणतात आणि ती शिकवायचे पैसे घेतात.

काकू एवढंच म्हणतात, "तुमी विकान तवा विकान, मले आधी किरान्याचे पैसे द्या."

तुमच्या मोबाईलमध्ये 'शुल्क शून्य' लिहिलेलं एखादं अॅप असेल तर आज रात्री खरेदीचा आणि विक्रीचा भाव एकाच मिनिटाला पाहा. जो फरक निघेल तो आम्हाला कळवा. गुरुजींच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.