वाघळांची वाटणी

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा वटवाघळं नव्हती, हे बरं. नाहीतर त्यांच्यावरूनही भांडण झालं असतं. सात खणांच्या माळवदी घरात मधोमध भिंत घातली गेली, तुळया मोजल्या, कोनाडे मोजले, एका जात्यावरून दोन दिवस अबोला झाला. चार खण आप्पांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांकडे आले आणि तीन नानांकडे, म्हणजे धाकट्यांकडे गेले. पुढे माळवद गळायला लागलं, तेव्हा आप्पांनी आपल्या बाजूवर पत्रा टाकला. पाहून पाहून नानांनीही टाकला. जुनं धाबं आणि नवा पत्रा यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहिली. अंधार, ऊब, वर कुणाची ये-जा नाही, भाडं नाही. आमचं गाव इंदापूर तालुक्यात आहे म्हणून, नाहीतर अशी जागा रिकामी राहती ना.

मी बारामतीला राहतो. मे महिन्यात आप्पांचा फोन आला. "आरं, वरती कायतरी किरकिरतंय. उंदरं न्हाईत. उंदरं दिवसा एवढी गप बसत न्हाईत."

शनिवारी एसटीने गेलो. दिवेलागणीला अंगणात उभे राहिलो, तर वळचणीच्या अंगठ्याएवढ्या फटीतून एक काळा ठिपका टपकला, वाऱ्यावर सावरला आणि उसाकडे गेला. मग दुसरा. मग रांगच लागली. आप्पांनी आयुष्यभर उसाच्या गाड्या मोजल्यात, त्यांनी लगेच मोजायला सुरुवात केली. त्रेसष्ट.

काकी म्हणाल्या, "पाकोळ्या हायत. कानाला चिकटत्यात." २०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या होत्या. ती बातमी काकींनी टीव्हीवर पाहिली होती आणि ती त्या अजून विसरल्या नव्हत्या. त्यात आषाढाच्या सुरुवातीला तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला येते, तेव्हा एका दिंडीतले वीसेक वारकरी दरवर्षी आमच्या घरी उतरतात. त्यांच्या डोक्यावर हे असलं काही लटकत ठेवायचं?

मोरोपंतांनी बारामतीत राहून १०८ रामायणं रचली. वटवाघळं घालवायचे उपाय गावात जवळपास तेवढेच निघाले. पहिला मिरचीच्या धुरीचा. शेगडीत मिरच्या टाकल्या, आणि दहा मिनिटांत घरातली सगळी माणसं, दोन मांजरं आणि शेजारची म्हातारी बाहेर आली. वटवाघळं नाही आली. मग डांबराच्या गोळ्या. घराला आजीच्या ट्रंकेचा वास येऊ लागला, एवढंच. मग कुणीतरी म्हणालं, त्यांना उजेड सोसत नाही. फटीखाली मोठा बल्ब लावला. बल्बवर किडे जमले आणि वटवाघळांची अंगणातच पंगत बसू लागली. शेवटी चुलतभावाने ऑनलाइन एक यंत्र मागवलं. उंदीर, झुरळं, पाली, वटवाघळं सगळ्यांना माणसाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने पळवतं म्हणे. आवाज आम्हाला ऐकू आला नाही, त्यामुळे यंत्र चालू आहे की बंद, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वटवाघळांनाही कळलं नसावं.

बारामतीत माझे एक मित्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना गाडीवर घालून आणलं. त्यांनी आल्याआल्या चहासुद्धा घेतला नाही, भिंतीला कान लावून उभे राहिले. काकींनी मला खुणेने विचारलं, बरे आहेत ना?

"पिल्लं आहेत," ते म्हणाले. "आत्ता हात लावायचा नाही. आत्ता फट बुजवली तर आया बाहेर राहतील आणि पिल्लं आत उपाशी मरतील. मग वास सुटेल तो वेगळाच. महिना-दीड महिन्यात पिल्लं उडायला लागतात. तोवर थांबा."

"आन् पालखी?" आप्पा.

"पालखीला त्यांची हरकत नसते."

ही किडे खाणारी जात. उसात खोडकिड्याची पाखरं फिरतात, वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर जमतात. आप्पा त्यांच्यासाठी बांधावर प्रकाश सापळा लावून रात्री दोनदा बघायला जातात. आणि त्याच भुंगेऱ्यांवर, पाखरांवर फुकट रात्रपाळी करणाऱ्या त्रेसष्ट जणांना हाकलायला ते मिरच्या जाळत होते. हे मित्रांनी सांगितल्यावर आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मोठी, वडा-चिंचेला टांगलेली, फळं खाणारी वटवाघळं वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली, असंही मित्रांनी सांगितलं. आप्पा म्हणाले, "म्हंजी आता कावळ्यालाबी वकील मिळणार."

खरं तर पंखवाल्या पाहुण्यांचं आमच्या तालुक्याला कौतुक आहे. इंदापुरात तहसील कचेरीच्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात, भिगवणला रोहित बघायला पुण्यामुंबईचे लोक पहाटे होडीत बसतात. पण वटवाघूळ बघायला कुणी गाडी करून येत नाही. रंग काळा, त्यात उलटं. स्थळ म्हणून कुणी पसंत करावं असं त्याच्यात काही नाही.

पालखी आली. काकींनी दिंडीकऱ्यांना आधीच हात जोडले, "बुवा, यंदा वर पाकोळ्या हायत, घालवता आल्या न्हाईत." संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला आणि नेमकी त्याच वेळी वळचणीतून रांग निघाली. एकामागे एक, अंतर राखून. बुवांनी टाळ थांबवून वर पाहिलं. म्हणाले, "आमच्या दिंडीपरीस शिस्त बरी हाय." मग काकींना म्हणाले, "माय, आमी एका रातीचं. ती बारमाही. मंग पाहुणं कोण, ती का आमी?" काकींना काय बोलावं सुचेना, त्यांनी बुवांना आणखी एक भाकरी वाढली.

श्रावण लागता लागता मित्र पुन्हा आले. त्यांनी दोन संध्याकाळी आत पिल्लांचा आवाज उरला नाही याची खात्री केली. मी द्राक्षबागेवर टाकतात ती पक्ष्यांची जाळी आणली होती, ती त्यांनी बाजूला फेकली. तिच्या मोठ्या भोकांत पंख अडकतात, बोटं मोडतात. हवी होती बारीक विणीची, गुळगुळीत. काकींनी ट्रंकेतून लग्नातली मच्छरदाणी काढली. "चाळीस वर्सं ठिवली व्हती," त्या म्हणाल्या, "आता कामाला आली, ती बी वाघळाच्या."

आधी बाकीच्या सगळ्या फटी बुजवल्या. अंगठ्याएवढी एकच ठेवली, ये-जा होती ती. तिच्यावर मच्छरदाणीचा पडदा लावला. वरून आणि दोन्ही बाजूंनी भिंतीला पक्का, खालून मोकळा, फटीच्या खाली दोन हात लोंबता. वटवाघूळ बाहेर पडतं, जाळीवरून खाली सरपटतं आणि उडतं. परत येतं ते थेट फटीपाशी, तिथे जाळी लागते. खालून शिरायचं त्याच्या डोक्यात येत नाही.

आमच्याकडे नकोसा पाहुणा असाच वाटेला लावतात. चला म्हणत नाहीत. चहा देतात, पिशवी भरून देतात, फाटकापर्यंत येतात आणि तो वळला की कडी घालतात. मला ही पद्धत माणसांनी वटवाघळांना लावली, की वटवाघळांकडून शिकली, हे ठरवता आलं नाही.

आठवडाभर पडदा ठेवला. आप्पा रोज मोजत. पहिल्या रात्री एकोणसाठ, मग बारा, मग तीन, मग दोन संध्याकाळी कुणीच नाही. नवव्या दिवशी फट लिंपली. लेंड्या काढताना मित्रांनी सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधायला लावली आणि आधी पाणी शिंपडायला लावलं. कोरडी धूळ छातीत गेली तर बाधते. दोन पाट्या खत निघालं, ते कढीपत्त्याला घातलं. कढीपत्ता असा माजलाय की आता शेजारणी न विचारता तोडून नेतात.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नानांचा फोन आला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला, आप्पांना नाही. "तुझ्या चुलत्याला सांग, वाटणीत जे आलं ते आलं, आता वाघळं बी माझ्या अंगावर घालू नका म्हनावं."

भिंतीपलीकडच्या पत्र्याखालीही वीतभर पोकळी आहे, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. मित्रांना विचारलं तर म्हणाले, आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा.

आप्पा दिवेलागणीला ओट्यावर बसून नानांच्या वळचणीकडे बघतात. परवा एकसष्ट होती. नानाही आपल्या अंगणात खुर्ची टाकून मोजतात, त्यांची बासष्ट भरली. त्या एकावरून दोघांचं अजून जुळलेलं नाही, पण बोलणं सुरू झालंय.