पगार सोडून बोला

मा. मालकसाहेब यांस,
स. न. वि. वि.

आपण मार्केटिंग कंपनी काढताय असं कळलं. मुहूर्त झकास आहे. पदवीचे निकाल लागू लागलेत आणि घरोघरी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न दिवसातून तीनदा जेवणाच्या ताटाबरोबर वाढला जातोय. या प्रश्नाला कंटाळलेला मुलगा कुठल्याही जिन्याची पायरी चढतो. फक्त तो जिना तुमचा असला पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी सांगतो. फी घेणार नाही. घेतलीच असती, तर तिला ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हटलं असतं.

ऑफिस पुण्यात स्वारगेट किंवा शिवाजीनगरच्या आसपास बघा, कारण तुमचा माल एसटीनं येतो. लातूर, बीड, करमाळा, सांगोला. खाली झेरॉक्सचं दुकान असेल तर सोन्याहून पिवळं. आत काचेची एक केबिन, बाहेर खुर्च्या मोजक्याच. दहा पोरं उभी दिसली की अकराव्याला वाटतं, जागा थोड्या आहेत, घाई करायला हवी. जागा वास्तविक हव्या तेवढ्या आहेत. पगार द्यायचा नसला की जागांना काय तोटा!

जाहिरातीत ‘सेल्स’ हा शब्द चुकूनही नको. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ लिहा, ‘ब्रँड असोसिएट’ लिहा, अगदीच सुचलं नाही तर ‘ऑफिस वर्क’ लिहा. दारोदार फिरून पाण्याचे फिल्टर विकायचेत असं खरंखुरं छापलंत, तर अर्ज येतील, पण ते काम ज्यांना जमतं अशांचे येतील. ही मंडळी बसायच्या आधी विचारतात, ‘फिक्स्ड किती?’ असली माणसं तुम्हाला परवडायची नाहीत. म्हणून ‘अनुभवाची गरज नाही’ ही ओळ ठळक अक्षरांत टाका. पगार ‘१५,००० ते ४५,०००’. मुलगा पंचेचाळीस वाचतो, आई पंधरा वाचते आणि दोघंही समाधानी असतात. शून्य कुठेच छापलेलं नसतं, त्यामुळे ते कुणी वाचत नाही.

अर्ज आला की दहा मिनिटांत फोन. ‘तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय. उद्या अकराला, फॉर्मल्समध्ये.’ काम काय, असं विचारलं तर ‘ते सर एक्स्प्लेन करतील’. सर कोण, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

आता मुलाखत. समोर बी.कॉम. झालेली एक मुलगी बसलीय असं समजा. मांडीवर फाइल. प्लास्टिकच्या कप्प्यांत दहावीपासूनच्या मार्कशीट, एमएस-सीआयटी, टायपिंग, शिवाय एनएसएसच्या शिबिराचं प्रमाणपत्र. एकेक कप्पा उलटून ती तुमच्याकडे वळवते. तुम्ही बघू नका. बघितलंत तर तिला वाटेल, निवड गुणांवर होतेय. तुम्ही पेन खाली ठेवा, खुर्चीत मागे रेला आणि म्हणा, ‘मार्क सोडा. मला तुमच्यात लीडर दिसतोय.’ तिला शाळेत कुणी वर्गाची मॉनिटरही केलेलं नाही. पाठ ताठ होते, फाइल मिटते. ती मिटली की लगेच सांगा: अडीचशे अर्जांतून तिघांची निवड, उद्यापासून ट्रेनिंग, किटचे दीड हजार आज संध्याकाळपर्यंत. संध्याकाळपर्यंतच. रात्री ती घरी फोन करणार आणि घरी एखादा काका असतो, ज्यानं १९९८ साली असल्याच एका साखळीत पैसे घालवलेले असतात.

रोज सकाळी साडेआठला मीटिंग घ्या. मोठ्यानं गाणं, टाळ्या, आणि काल ज्याचा एक फिल्टर खपला त्याला पुढे बोलावून घंटा वाजवायला लावा. मग खांद्यावर बॅग आणि टापू. दुपारी एक ते चार पुण्यात परक्याच्या दाराची बेल वाजवणं म्हणजे काय असतं, हे ट्रेनिंगमध्ये सांगू नका. ते अनुभवानंच कळलेलं बरं. बसचं तिकीट, चहा, वडापाव ज्याचा त्यानं करायचा. त्याला ‘स्वतःतली गुंतवणूक’ म्हणतात.

माल खपत नाही अशी तक्रार आठवड्याभरात येईलच. तिथून तुमचा खरा धंदा सुरू होतो. शंभर नावांची यादी करून आणायला सांगा: आत्या, मामा, शाळेतले सर, वडिलांच्या पतपेढीतले कारकून, वर्गातली पोरं. म्हणावं, ‘टीम बांध. खाली पाच आले की तू लीडर, लीडरचे पाच झाले की असिस्टंट मॅनेजर, मग स्वतःची शाखा.’ मुलगा दोन महिन्यांत थकून गावी जाईल. यादी तुमच्याकडे राहील. आणि त्याच्या मामानं घेतलेला फिल्टर हा बहुतेकदा कंपनीचा त्या भागातला एकमेव खप असतो.

कायद्याचं मात्र सांभाळा. माणसं जोडल्याबद्दल पैसे वाटणाऱ्या योजनांवर १९७८ सालापासून बंदी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं मनावर घेऊ नका, चार किटांत तो निघतो. कैदेचं घ्या. वर डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं थेट विक्रीचे नियम आणले आणि पिरॅमिड पद्धतीला त्यांत साफ मनाई केली. तेव्हा ‘मेंबर’ म्हणू नका, ‘मेंटी’ म्हणा. चौकोन काढा, गोल काढा, फळ्यावर त्रिकोण काढू नका.

यापेक्षा सभ्य वाटही आहे. ‘नामांकित बँकेसाठी रिलेशनशिप मॅनेजर’ म्हणून बोलवा आणि तिसऱ्या दिवशी विमा एजंटच्या परीक्षेचा फॉर्म पुढे करा. विमा एजंट होण्यात वाईट काही नाही. त्या कमिशनवर कित्येकांनी घरं बांधली, मुलींची लग्नं केली. पण एजंट हा कंपनीचा पगारी नोकर नसतो, हे त्याला आधी ठाऊक असतं. तुमच्या उमेदवाराला ते महिनाअखेरीस कळावं, एवढीच काय ती कला.

विक्रीच्या कामाला मी नावं ठेवतोय असं समजू नका. औषध कंपनीचा एमआर बघा. भर उन्हात दवाखान्याबाहेर ताटकळतो, पण त्याला ठरलेला पगार असतो, टीए-डीए असतो, टार्गेट कागदावर असतं. विक्री प्रतिनिधीला लेखी नेमणूकपत्र दिलंच पाहिजे, असं १९७६ च्या कायद्यानंच सांगून ठेवलं होतं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत तर नेमणूकपत्र सरसकट सगळ्या कामगारांना देणं बंधनकारक केलंय. तुमच्या धंद्याला हा मोठाच फटका. पण हिंमत हरू नका. ‘लेटर सिस्टिममधून जनरेट होतंय’ या वाक्यावर दोन महिने सहज निघतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर नेमणूकपत्राऐवजी ‘असोसिएट अ‍ॅग्रीमेंट’ पुढे सरकवा आणि सातव्या पानावर बारीक अक्षरांत लिहा, की सही करणारा स्वतंत्र कंत्राटदार आहे. पीएफ गेला, रजा गेली, किमान वेतनही गेलं. सातव्या पानापर्यंत वाचायची सवय आपल्या विद्यापीठांनी कुणाला लावलेली नाही, हे तुमचं भाग्य.

तरी एखादी हुशार निघतेच. ती मूळ मार्कशीट मागितल्यावर झेरॉक्स काढून देते. विचारते, एकही विक्री झाली नाही तर त्या महिन्यात खात्यात किती जमा होणार, आणि कुठल्या तारखेला. गेल्या वर्षी लागलेल्या दोघांशी, तुम्ही समोर नसताना, बोलायचंय म्हणते. कंपनीचा सीआयएन नंबर मागते आणि तिथल्या तिथे मोबाइलवर कंपनी व्यवहार मंत्रालयाची साइट उघडते. तिथे तुमची ‘पंधरा वर्षं जुनी’ कंपनी गेल्या दिवाळीत जन्मलेली निघते. सगळ्यांत वाईट म्हणजे ती म्हणते, ‘कागद घरी नेऊन वाचते, उद्या सही करते.’

हिच्याशी वाद घालू नका. चहा द्या, जागा भरली म्हणून सांगा आणि बाहेर बसलेल्यांशी ती बोलणार नाही याची काळजी घ्या.

आपला हितचिंतक

ता. क. हे पत्र चुकून एखाद्या उमेदवाराच्या किंवा त्याच्या आईबापांच्या हाती पडलं तर: नोकरीसाठी पैसे मागितले की तिथून उठावं. पैसे ऑनलाइन देऊन बसला असाल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मेसेज, पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, काहीही डिलीट करू नका. रोख दिले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.