पाल्यास समुद्रशिबिरास धाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

मे महिन्यात आपल्या पाल्याला तीन रात्रींसाठी दापोलीकडे समुद्रजीवन शिकायला पाठवणाऱ्या सुजाण पालकांनी पुढील सूचना नीट वाचाव्यात. गेल्या वर्षी त्या कोणीही वाचल्या नव्हत्या, याची आम्हांला कल्पना आहे.

मुहूर्त. शिबिराची तारीख चंद्र ठरवतो. भरतीच्या वेळेचं सूत्र किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही पाठ असतं: तिथीची पाऊणपट. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा-सव्वासहा तास, सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी लांबवर हटतं, म्हणून त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेची सकाळ खडकांवर हिंडायला उत्तम. अष्टमीला ओहोटी येते ऐन दुपारी बाराला आणि तीही भांगाची. पाणी धड उतरत नाही, मुलं मात्र भाजून निघतात. हे सगळं ऐकून घेतल्यावर एका बाबांनी विचारलं, “वीकेंडला नाही का जमणार?” चंद्राला निरोप दिला आहे.

सामान. जुने कॅनव्हासचे बूट द्यावेत. खडकांवरची कालवं आणि बार्नकल ब्लेडसारखी कापतात. उन्हाचं मलम, डासांचं मलम, मलम लागल्यावरचं मलम, ड्रायफ्रूटचे लाडू आणि पॉवर बँक आणायला कोणी विसरत नाही. बूट विसरतात.

कासव. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बघायची असतील तर मार्चच्या आसपास वेळासला जावं. अंडी घातल्यावर साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि मेपर्यंत हंगाम आटोपत आलेला असतो. आमच्या माहितीपत्रकावर कासवाचं चित्र आहे, एवढ्या कारणावरून पैसे परत मागू नयेत.

फोन. करू नये. रात्री नऊला आईचा फोन आला की सव्वानऊला मूल रडतं आणि साडेनऊला ओटीवरची सगळी गादी रडते. फोन आला नाही, तर ते टॉर्च घेऊन वाळूतले खेकडे शोधत असतं.

खडकावरचं वर्तन. समुद्राकडे पाठ करायची नाही. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी अंडी चिकटलेली असतात आणि ती उन्हात वाळून जातात. नक्षीदार कोन शंख कितीही देखणा दिसला तरी उचलायचा नाही. आतला प्राणी जिवंत असेल तर विषारी डंख मारतो. रिकामा शंखही तिथेच राहू द्यावा. हर्मिट क्रॅबला अंग वाढेल तसं मोठं घर शोधावं लागतं आणि जागेची टंचाई त्यांच्यातही आहे. मुलांना हे एकदा सांगितलं की पुरतं. “शोकेससाठी एखादा मोठासा आण हं” अशी कामगिरी देऊन पाठवलेलं मूल मात्र लगेच ओळखू येतं, ते सारखं खिसा चाचपत असतं. त्याच्या बाटलीतून असा एखादा भाडेकरू पुण्याला पोचला, तर दोन दिवसांनी घरात जो वास सुटेल त्याला शिबिर जबाबदार नाही.

निष्पत्ती. परतल्यावर “काय काय शिकलास, सांग काकांना” असं म्हणू नये. पहिल्या दिवशी मुलं दिसेल त्या जिवाचं नाव विचारतात, वहीत लिहितात. दुसऱ्या दिवशी वही ओटीवरच राहते. एखादी मुलगी डबक्याशी उकिडवी बसते. बोट लागताच मिटलेलं समुद्रफूल पुन्हा उमलेपर्यंत ती उठत नाही. तिकडे काकूंचे घावणे गार होतात, काकू कुरकुरतात, तरी आम्ही तिला हाक मारत नाही. खरं सांगायचं तर एवढंच बघायला आम्ही दरवर्षी ही कटकट अंगावर घेतो. प्रमाणपत्र वगैरे तुमच्यासाठी.

शेवटची सूचना बाजाराची. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, त्यामुळे हर्णै बंदरातला लिलाव मुलांना मे संपायच्या आत दाखवतो. तो बघून आलेलं मूल मंडईत मावशींच्या टोपलीतल्या पापलेटाचे कल्ले उघडून बघायला लागेल. त्याला ओढून नेऊ नका. मावशी ओरडतील, ते तुम्ही ऐकून घ्या. आणि कल्ले लाल नाहीत असं मूल म्हणालं, तर ते पापलेट घेऊ नका.